पेट्रोल कोणतं भरावं आणि इथेनॉलपासून गाडी कशी सांभाळावी: गोव्याच्या पावसात गाडी ठेवणाऱ्यांसाठी

चवथीच्या आठवडाभर आधी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचं, सामान आणायला म्हणून शेडमधली ओमनी काढायला गेलो, तर ती नुसती खोकत राहिली. १९९८ची गाडी, कारब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना यांत्रिक भाग असलेली. जूनपासून जेमतेम दोनदा चालवली होती. शेवटी मेस्ताला, म्हणजे मेकॅनिकला, घरी बोलावलं. त्याने कारब्युरेटरची वाटी सोडवली आणि त्यातलं पेट्रोल काचेच्या ग्लासात ओतून उजेडाकडे धरलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर गढूळ थर, आणि मधे सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ. "हें पेट्रोल न्हय रे, उदक," तो म्हणाला. वाटीच्या तळाशी पांढरट भुकटी चिकटली होती, ती त्याने नखाने खरवडून दाखवली. टाकीच्या झाकणाचं रबर बघितलं तर वाळलेल्या आमसुलासारखं भेगाळलेलं.

त्या दिवसापासून पेट्रोलबद्दल आणि त्यात मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉल या अल्कोहोलबद्दल जे वाचलं, विचारलं आणि स्वतः करून पाहिलं ते इथे एकत्र सांगतो. त्यातलं अर्धं पंपावर करायचं आहे, अर्धं आपल्या शेडमध्ये.

आधी गाडीचं जन्मवर्ष बघा

पंपावर जाण्यापूर्वी आरसी काढा आणि गाडी कुठल्या महिन्यात बनली ते बघा. नोंदणीची तारीख नको, उत्पादनाचा महिना हवा. एप्रिल २०२३पासून बनलेल्या गाड्यांचे भाग ई२०ला, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, टिकतील असे असणं अपेक्षित आहे. एप्रिल २०२५पासूनच्या गाड्यांचं इंजिनही त्यासाठी जुळवलेलं असतं. या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. पहिल्यात नळ्या आणि रबर टिकतं, दुसरीत इंजिन त्या पेट्रोलवर नीट चालायलाही शिकलेलं असतं.

त्याआधीच्या गाड्यांना सरसकट एक नियम लागत नाही. पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा. ते नसेल तर मालकपुस्तिकेतलं इंधनाचं पान उघडा. तिथे ई१० लिहिलं आहे, ई२० लिहिलं आहे की इथेनॉलचा उल्लेखच नाही, यावर पुढचं सगळं ठरतं. पुस्तिका हरवली असेल तर बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर ती मिळते.

"मग मी इथेनॉल नसलेलंच भरीन" असं म्हणायची सोय साध्या पेट्रोलमध्ये आता उरलेली नाही. आपल्या गोव्याला हे तसं नवीनही नाही. २००३ साली पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली तेव्हा पहिल्या नऊ राज्यांत गोवा होता. देशभर सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा २०२२च्या जूनमध्ये गाठला गेला. ई२० पंपांवर यायला फेब्रुवारी २०२३मध्ये सुरुवात झाली, आणि २०३०चं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट आधीच अलीकडे ओढून २०२५वर आणलेलं होतं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय हवा म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. एक गंमत म्हणजे यातलं काही इथेनॉल उसाचं, आणि आपला गोव्यातला एकुलता एक साखर कारखाना, धारबांदोड्याचा संजीवनी, गेली कित्येक वर्षं बंद. सांग्याच्या ऊसवाल्यांना विचाराल तर ते या विषयावर माझ्यापेक्षा लांब बोलतील.

मायलेज: किती घटतं, आणि किती घटल्यासारखं वाटतं

एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी उष्णता असते त्याच्या साधारण दोनतृतीयांश एक लिटर इथेनॉलमध्ये असते. म्हणजे शंभरातला वीस भाग इथेनॉलचा असेल तर ऊर्जेत सहा-सात टक्के तूट येणार, हे कागदावरच दिसतं. निती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही हाच अंदाज आहे: निव्वळ पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई१०साठी जुळवलेल्या चारचाकीला सहा ते सात टक्के, तशाच दुचाकीला तीन ते चार, आणि ई१०साठी घडवून ई२०ला जुळवलेल्या चारचाकीला एक ते दोन टक्के. "ई२०ने माझं मायलेज अठरावरून बारावर आलं" असं कोणी सांगत असेल तर त्याच्या गाडीत दुसरं काहीतरी बिघडलंय. टायरची हवा, एअर फिल्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर तपासायला सांगा.

डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. ठरलेल्या एका पंपावर, शक्यतो त्याच नळीवर, नळी पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत भरा आणि ट्रिप मीटर शून्य करा. परत भरताना किलोमीटर भागिले लिटर. ४१२ किलोमीटर झाले आणि २७.५ लिटर मावलं, तर १५चं मायलेज. एका टाकीवरून काही कळत नाही, तीन टाक्यांची सरासरी काढा. आणि पणजी-म्हापसा वाहतूककोंडीतली टाकी काणकोणच्या मोकळ्या रस्त्यावरच्या टाकीशी ताडून बघू नका.

ऑक्टेन: महाग ते चांगलं असं नाही

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद हा गैरसमज पंपावरची पोरंच जास्त पसरवतात. ठिणगी पडायच्या आधी, नुसत्या दाबाने आणि उष्णतेने पेट न घेण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. ती इंजिनाच्या गरजेपेक्षा कमी असेल तर चढावर खडखड वाजतं. चोर्ला किंवा अनमोडचा घाट, गाडीत पाच माणसं, एसी चालू, वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, तो हाच. तो आवाज येत नसेल आणि पुस्तिकेत ९१ लिहिलं असेल, तर त्याहून जास्त ऑक्टेनचं भरून तुमच्या इंजिनाला काहीही मिळत नाही.

आता इथे इथेनॉलची जमेची बाजू येते, ती लपवण्यात अर्थ नाही. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८च्या आसपास. पेट्रोलियम मंत्रालयाच्या सांगण्यानुसार साधं पेट्रोल पूर्वी ८८चं होतं, प्रदूषणाचे बीएस६ निकष आल्यावर ९१चं झालं आणि वीस टक्के मिश्रणाने ते ९५पर्यंत गेलं आहे. मग ९५ म्हणून जास्त पैसे घेऊन जे विकलं जातं त्यात ऑक्टेनसाठी पैसे मोजायचं कारण फारसं राहत नाही, उरतात ती इंजिन साफ ठेवणारी द्रव्यं. ती उपयोगी असतात, पण दर टाकीला लागत नाहीत. मी चार-पाच महिन्यांतून एकदा भरतो, तेही लांबच्या प्रवासाआधी.

शंभर ऑक्टेनवाल्याचा मोह जुन्या गाडीवाल्यांना फार होतो, कारण त्यात इथेनॉल नसतं असं गॅरेजमध्ये बोललं जातं. ऐकीव गोष्टीवर जाऊ नका, खाली दिलेली बाटलीची परीक्षा करून स्वतः बघा. आणि हिशेबही करा. महिन्याला हजार किलोमीटर, मायलेज सोळा, म्हणजे साडेबासष्ट लिटर. सहा टक्के घटलं तर साडेसहासष्ट. लिटर शंभराच्या आसपास धरला तर महिन्याला चारशेचा फटका. हा फटका वाचवायला लिटरमागे पन्नास-साठ रुपये जास्त मोजायचे, तर महिन्याला तीन हजारांहून अधिक जातात. शेडमध्ये वर्षाला दोनशे किलोमीटर फिरणारी जुनी प्रीमियर पद्मिनी असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मी दोष देणार नाही.

पंप निवडताना

साधा नियम: ज्या पंपावर रांग असते तिथे भरा. जिथे रोज टँकर येतो तिथे पेट्रोल जमिनीखालच्या टाकीत पडून राहत नाही. सरहद्दीवरचे पंप यात आपोआप बसतात. २०१२मध्ये पर्रीकर सरकारने व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला तेव्हापासून बांदा-सावंतवाडीची माणसं पत्रादेवीला येऊन टाकी भरून जायची सवय लागली. पुढे इथला कर वाढला तरी महाराष्ट्रातला दर चढाच राहिला आणि ती सवय मोडली नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र रांगेपेक्षा जमीन बघा. मुसळधार पाऊस पडून गेल्यावर ज्या पंपाच्या आवारात पाणी साचतं, जमिनीतल्या टाक्यांची झाकणं ज्याच्या सखल भागात आहेत, तिथे दोन दिवस जाऊ नका. पूर्वी टाकीत थोडं पाणी शिरलं तर ते तळाशी स्वस्थ बसायचं आणि पंपाची नळी त्याच्या वरून पेट्रोल ओढायची. इथेनॉल आल्यावर तेच पाणी पेट्रोलमधलं इथेनॉल स्वतःकडे ओढून घेतं आणि खालचा थर फुगत जातो. म्हणून आता पाण्याचं प्रकरण लवकर गाडीपर्यंत पोचतं. टँकर खाली होत असताना आणि झाल्यावर थोडा वेळही भरू नये, तळातला गाळ तेव्हा ढवळलेला असतो.

ग्राहक म्हणून तुम्ही तीन गोष्टी मागू शकता आणि त्यासाठी भांडावं लागू नये. एक, पाच लिटरचं वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं माप. त्यात २५ मिलिलिटरपर्यंतची घट चालते, त्यापुढे नाही. दोन, घनता. हायड्रोमीटरने मोजून १५ अंशांना बदललेला आकडा त्या दिवशीच्या नोंदीपेक्षा घनमीटरला ३ किलोहून जास्त वेगळा असता कामा नये. तीन, फिल्टर पेपर. नळीच्या तोंडाचा थेंब त्यावर टाका, दोनेक मिनिटांत डाग न राहता उडाला पाहिजे. ध्यानात ठेवा, यातली एकही परीक्षा इथेनॉल किती आहे ते सांगत नाही. भेसळ आणि माप यांच्यासाठी त्या आहेत.

घरची बाटली

इथेनॉलचं प्रमाण बघायची पद्धत शाळेच्या प्रयोगाइतकी सोपी आहे. १०० मिलिलिटरचं काचेचं मोजपात्र घ्या, शाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. पंपवाले बाटलीत पेट्रोल देणार नाहीत आणि देऊही नये. जुन्या स्कूटरच्या कारब्युरेटरखालच्या निचऱ्याच्या स्क्रूतून हवं तेवढं निघतं. हे सगळं अंगणात करायचं. स्वयंपाकघराजवळ नको, बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, कोणी सिगारेट ओढत बसलं असेल तर तिथेही नको.

आधी १० मिलिलिटर पाणी ओता, त्यावर १००च्या खुणेपर्यंत पेट्रोल. तोंड झाकून नीट हलवा, अधूनमधून झाकण किंचित उघडून दाब सोडा, मग दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. वीस टक्क्यांचं पेट्रोल असेल तर ९० मिलिलिटरमध्ये १८ इथेनॉल, म्हणून १०चा थर २७-२८वर जातो. दहा टक्क्यांचं असेल तर १९च्या आसपास थांबतो. १०वरच राहिला तर इथेनॉल नाही. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ती रेघ वर चढताना बघायला शेजारची दोन पोरं आणि आमची आई, तिघंही वाकून बसली होती. उरलेलं मिश्रण टाकीत परत ओतू नका, मोरीतही नको. गॅरेजच्या जळक्या तेलाच्या डब्यात द्या.

जुन्या गाडीत काय बदलायचं

इथेनॉल साधं रबर आणि बुचासारख्या गॅस्केटना फुगवतं किंवा कडक करतं. जस्त, पितळ, अ‍ॅल्युमिनियम यांना ते पाण्याच्या साथीने खातं. माझ्या वाटीतली पांढरी भुकटी त्याचीच. शिवाय ते चांगलं विद्रावक आहे, टाकीत वर्षानुवर्षं जमलेला चिकटा सोडवून पुढे ढकलतं. म्हणून जुनी गाडी ई२०वर येऊन काही टाक्या झाल्या की फिल्टर तुंबतो आणि लोक पेट्रोलला शिव्या देतात. पहिल्या हजार-दोन हजार किलोमीटरनंतर फिल्टर बदलायचाच असं ठरवून टाका.

नळ्या बदलताना दुकानात "पेट्रोल पाइप द्या" असं मोघम मागू नका. इथेनॉल चालणारी, फ्युएल इंजेक्शनच्या दर्जाची नळी मागा, तिच्यावर दर्जा छापलेला असतो. मीटरवर कापून मिळणारी पारदर्शक स्वस्त नळी दोन पावसाळ्यांत पिवळी आणि दगडासारखी कडक होते. टाकीच्या झाकणाचं रबर, कारब्युरेटरचं किट, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा (डायफ्रॅम) हे एकदमच करून घ्या, मजुरी एकदाच पडते. ऑइल बदलताना त्याला पेट्रोलचा वास आला तर पंपाचा पडदा फाटून पेट्रोल इंजिनात जातंय असं समजा.

इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर मिश्रण स्वतः सुधारतो. निव्वळ पेट्रोलला एक भागाला १४.७ भाग हवा लागते, ई२०ला १३.५च्या आसपास, म्हणजे इंजिनाला थोडं जास्त पेट्रोल सोडावं लागतं. हे सुधारणं कुठवर चाललंय ते ब्लूटूथच्या स्वस्त ओबीडी यंत्राने, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणाऱ्या यंत्राने, मोबाइलवर दिसतं. लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त-कमी पेट्रोल सोडतोय ते. अधिक चार-पाच असेल तर काळजी नको. अधिक दहाच्या पुढे कायम राहत असेल तर इंजेक्टर, फिल्टर किंवा हवेची गळती शोधा.

कारब्युरेटरला हे शहाणपण नसतं. मिश्रण पातळ पडलं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की गाडी तापते, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफटते. प्लग काढून बघा: पांढराफटक म्हणजे पातळ, विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. आमच्या मेस्ताने ओमनीला मोठा जेट (ज्याच्या भोकातून पेट्रोल सुटतं तो भाग) न घालता आधी हवेची गळती बंद केली, मग मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा सोडला. तेवढ्याने भागलं. जेटला हात लावायची घाई करू नका.

पावसाळ्याची बांधाबांध

नुसत्या दमट हवेने टाकीत पाणी भरतं असं ऐकाल. भरतं, पण सावकाश. दहा टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये लिटरला साधारण पाच मिलिलिटर पाणी विरघळून राहू शकतं, वीस टक्क्यांत त्याहून जास्त, म्हणून दोन आठवड्यांच्या पावसाने घाबरायचं कारण नाही. धोका आहे तो भेगाळलेल्या झाकणातून टपटपणाऱ्या पावसाचा, आणि तीन-चार महिने न हललेल्या गाडीचा. एकदा मर्यादा ओलांडली की थर वेगळे होतात. खाली इथेनॉल-पाणी, जिथून पंप ओढतो नेमकं तिथे. वर उरतं ते कमी ऑक्टेनचं पेट्रोल. गाडी गदागदा हलवून ते परत एकजीव होत नाही.

गाडी चालती असेल तर काही करू नका, नेहमीसारखी वापरा. ठेवून द्यायची असेल तर टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत हवेला जागा राहत नाही, आणि दर पंधरवड्याला किमान दहा-बारा किलोमीटर फिरवून आणा. शेडमध्येच दहा मिनिटं सुरू ठेवणं पुरत नाही, त्याने सायलेन्सरमध्येच पाणी जमतं. कारब्युरेटरची दुचाकी असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून ती आपोआप विझेपर्यंत चालू ठेवा, वाटी रिकामी होते.

सगळ्यांत जास्त नुकसान आपल्याकडे होतं ते गवत कापायच्या यंत्रांचं, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. नोव्हेंबरात शेवटचं गवत कापून यंत्र पेट्रोलसकट कोपऱ्यात उभं राहतं आणि जूनमध्ये दोरी ओढून ओढून खांदा निखळतो. नळी कडक झालेली, बोटाने दाबायचा रबरी फुगा चिरलेला. होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचंही तेच, बऱ्याच पुस्तिकांत दहा टक्क्यांचीच मर्यादा असते. दोन्हींत हंगाम संपला की टाकी रिकामी करा, इंजिन विझेपर्यंत चालवा. तेल मिसळलेलं पेट्रोल महिन्याभरात संपेल एवढंच बनवा.

पाणी गेलंच तर

भरून पाच-सात किलोमीटरच्या आत गाडी धक्के देऊ लागली, तर पुढे रेटू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. पंपाचं बिल, वेळ आणि नळीचा क्रमांक लिहून ठेवा. टाकी उपसताना पहिलं अर्धा लिटर काचेच्या बाटलीत तुमच्यासमोर काढायला लावा आणि उभी ठेवून फोटो घ्या. रेघ दिसली तर पंपाशी बोलायला तुमच्याकडे पुरावा आहे. त्याच वेळी तिथे भरलेल्या आणखी कोणाची गाडी अडली असेल तर त्याचा नंबर घ्या, दोघांचं म्हणणं लवकर ऐकतात. ई२० भरल्याने विमा रद्द होत नाही हे मंत्रालयाने ऑगस्ट २०२५मध्ये स्पष्ट केलं आहे, पण इंधनातल्या पाण्याचा दावा पॉलिसीत बसतो का ते गाडी उघडण्याआधी विमा कंपनीला विचारून घ्या.

टाकी, नळ्या, फिल्टर सगळं धुऊन झाल्यावर पहिल्यांदा पाचच लिटर भरा आणि तेवढ्यावर गाडी गावातल्या गावात फिरवा. ओमनीचं झाकणाचं रबर चाळीस रुपयांना आलं. ते बसवून माटोळीचं सामान आणायला बाजारात पोचलो तेव्हा चांगल्या सुपाऱ्यांचे घोस संपले होते.